थोरलीचा साचा

थोरलीला कशाचाही हेवा वाटू शकायचा. हा गुण तिने लहानपणापासून कुणाच्याही मदतीशिवाय जोपासला होता. धाकट्या बहिणीला गोवर आला आणि तिची खाट खिडकीशी हलवली, तेव्हा ही आठवडाभर आरशासमोर उभी राहून अंगावर पुरळ शोधत होती. शेजारणीची कपडे वाळत घालायची दोरी उन्हात आणि हिची सावलीत, एवढ्यावरून तिने सूर्याशीही अबोला धरला असता. पण त्याला ते कळलं नसतं, मग उपयोग काय. आणि वर प्रत्येक वाक्याची सुरुवात ठरलेली, “मी काही म्हणत नाही, पण...” त्या ‘पण’च्या पुढचं ऐकायचं तर मांडी घालून बसावं लागे.

तिचा नवरा साचेवाला. संग्रहालयात काचेमागे जुन्या काळचे देखावे असतात, कुणी मीठ गोळा करतंय, कुणी नाव वल्हवतंय, ती माणसं तो घडवायचा. त्याचा भाऊ त्या माणसांमागचं आभाळ रंगवायचा. भावाची बायको, म्हणजे थोरलीची जाऊ, एकेक केस सुईने ओवून टोप करायची. तिला सगळे धाकटीच म्हणत. आणि थोरली कपडे शिवायची. एका ठिकाणचं काम संपलं की दुसरं गाव. प्लॅस्टरची पोती, पत्र्याच्या पेट्या, शिलाई मशीन, सगळं ट्रकमध्ये. तिथे पुन्हा शेजारशेजारच्या दोन भाड्याच्या खोल्या आणि मध्ये इतकी पातळ भिंत, की एकीकडे शिंकलं तर पलीकडून “खिडकी लावा” असा आवाज यायचा. थोरलीचे पडदे कुठल्याच खिडकीला बसत नसत, कारण ते कायम मागच्या गावच्या खिडकीच्या मापाचे असत.

साचेवाल्याला एकच शब्द येत होता, ‘हं’. पण त्यात तो सगळं बसवायचा. हो म्हणजे ‘हं’, नाही म्हणजे ‘हं’, जेवण छान झालंय म्हणजे ‘हं’, आणि तू म्हणतेस ते मला ऐकू आलंय पण मी ऐकलेलं नाही, म्हणजे जरा लांबवलेलं ‘हंऽ’.

आता काचेमागच्या माणसांना तोंडं लागतात. ती हवेतून येत नाहीत. खऱ्या माणसाला आडवं झोपवायचं, भुवयांना व्हॅसलीन चोपडायचं, नाकात दोन नळ्या खुपसायच्या आणि तोंडावर प्लॅस्टर थापायचं. ते घट्ट होईपर्यंत हूं की चूं करायचं नाही. बाहेरचं कोण तयार होणार? म्हणून घरातलीच तोंडं. दीर तर निम्म्या देशाच्या संग्रहालयांत उभा होता, कुठे नावाडी, कुठे शिपाई. धाकटी मिठागरावरची मजूर झाली होती, कागद करणारी झाली होती, एकदा राणीची दासी झाली होती. गाव सोडताना ती शेवटचं एकदा संग्रहालयात जायची, काचेमागच्या स्वतःला हात हलवायची आणि म्हणायची, “मला काय, मी राहिले इथे.”

‘मला काय’ हे धाकटीचं पालुपद. जगातली सगळी भांडणं ती या दोन शब्दांत संपवायची, म्हणजे स्वतःपुरती. समोरच्याची तिथून सुरू व्हायची.

थोरलीला मात्र हात हलवायला कुठेच काही नव्हतं. दर गावात तिने प्लॅस्टर थापून घेतलं होतं आणि दर गावात ते तडकलं होतं, कारण ती प्लॅस्टरखालून बोलायची. गेल्या खेपेला तर साचा जवळजवळ झालाच होता, पण पलीकडे धाकटीने मशीनचं झाकण उघडल्याचा आवाज आला आणि ही त्या पांढऱ्या गोळ्यातून गरजली, “दोरा तोडू नको.” तोंड वाकडं निघालं. साचेवाला म्हणाला, “हं.”

म्हणून या नव्या गावात ट्रकमधून उतरता उतरताच तिने सांगून टाकलं.

“मी काही म्हणत नाही, पण आयुष्य गेलं पेट्या बांधण्यात. मी कुठे राहिले होते याचा एका तरी गावाला पत्ता आहे का? इथे माझं तोंड राहणार. नाहीतर ट्रक माझ्याशिवाय जाईल.”

“हं,” साचेवाला म्हणाला. हे ‘हं’ नेहमीपेक्षा आखूड होतं. त्याला घाम फुटला होता.

संग्रहालयाच्या मॅडम उत्साही होत्या. त्यांचं प्रत्येक वाक्य ‘कल्पना करा’ने सुरू व्हायचं, अगदी नळाला पाणी नसलं तरी. रिकाम्या दालनात खडूने एक मोठं वर्तुळ आखलेलं होतं. त्यात चौघांना उभं करून त्या हात पसरून सांगू लागल्या.

“कल्पना करा, हजारो वर्षांपूर्वीची माणसं. लोखंड वितळवता येतंय, घोडे आहेत, गुरं आहेत. पण एका जागी राहणं नाही. थोडं पेरायचं, काढायचं, की चाऱ्यामागे चालू लागायचं. आणि फिरून फिरून यायचं कुठे? तर इथे. आपल्या मेलेल्यांपाशी. चार शिळा उभ्या, वर एक झाकणशिळा, भोवती धोंड्यांचं वर्तुळ. आत माणूस, त्याची भांडी, त्याची कुऱ्हाड. कधी कुणी वाटेत मेलं तर त्याची हाडं बरोबर घेऊन यायची. ती झाकणशिळा हलवायला अख्खी वस्ती लागत असणार. कल्पना करा.”

थोरली कल्पना करत होती. “आणि जिवंतपणी राहायची कशात?”

“कुडाच्या झोपड्यांत असावीत. त्यांचं काहीच उरत नाही हो वहिनी. खांबाची भोकं सापडली तरी नशीब.”

“म्हणजे पक्कं घर मेल्यावरच.”

“तसं... म्हणता येईल.”

“आणि ते अजून उभं आहे.”

“त्यामुळेच तर आपल्याला ती माणसं माहीत आहेत.”

थोरली त्या खडूच्या रेघेकडे बघत राहिली. “नशीब काढलं म्हणायचं,” ती म्हणाली. घरी परतताना तिचा चेहरा असा होता की धाकटीला राहवलं नाही.

“ताई, आता मेलेल्यांवरसुद्धा का?”

“मी काही म्हणत नाही,” थोरली म्हणाली, “पण मला कोणी एक धोंडा तरी उचलून दिलाय का आजवर?”

देखाव्यात ठरलं ते असं: वर्तुळाच्या मधोमध उघडं शिळाघर, पुरण्याची वेळ, काठावर गुडघे टेकून बसलेली एक बाई, मागे झाकणशिळा ओढणारे पुरुष, एक घोडा, आणि दिराचं आभाळ. बाई सगळ्यांत पुढे. काचेला जवळजवळ नाक लावून. थोरलीने ती जागा मनातल्या मनात झाडून-पुसून ठेवली.

साच्याचा दिवस आला. थोरली टेबलावर आडवी झाली, नळ्या बसल्या, प्लॅस्टर चढलं. आणि धाकटी खुर्ची ओढून शेजारी बसली.

“ताई, तुमची मशीन मी जरा वापरतेय हं.”

प्लॅस्टर हललं नाही.

“ताई, त्या निळ्या कपाचा कान तुटला. माझ्या हातून नाही, असाच तुटला.”

काही नाही. फक्त नळ्यांतून वारा जरा जोरात आला.

“ताई, खालच्या बाई म्हणत होत्या, थोरल्या कोण आणि धाकट्या कोण ते ओळखूच येत नाही. म्हणजे मीच मोठी वाटते म्हणे. की तुम्ही मोठ्या वाटता म्हणाल्या? नीट आठवत नाही बघा.”

थोरलीच्या पायाचे अंगठे वळले, मुठी वळल्या. पण तोंडावरची एक रेष सरकली नाही. हेव्याने माणूस किती गप्प राहू शकतो ते त्या दिवशी त्या टेबलावर दिसलं. साचा निघाला तो काचेसारखा. साचेवाल्याने त्यातून मातीचं तोंड काढलं आणि तो बघतच राहिला. कपाळ सपाट, ओठ सैल, गाल विसावलेले. इतकी वर्षं संसार केला, पण ही बाई अशी दिसू शकते हे त्याला माहीत नव्हतं.

तेवढ्यात मॅडम आल्या. त्यांनी ते तोंड पाहिलं आणि त्यांचा आवाजच उतरला. “कल्पना करा,” त्या हळूच म्हणाल्या, “हिने सगळं सोडून दिलंय. हीच. हीच आत झोपणार.”

साचेवाल्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि “हं” म्हणाला. हे ‘हं’ त्याने बायकोला सांगितलं नाही.

कपडे बसवून बघायला थोरली दालनात गेली तेव्हा पुतळे जागच्या जागी लागले होते. काठावरची बाई गुडघ्यांवर बसलेली होती. थोरलीने तिचं नाक पाहिलं. ते नाक ती रोज सकाळी पातळ भिंतीपलीकडून बाहेर येताना बघायची. नाकाखाली धाकटीचीच हनुवटी, तीच ती, ‘मला काय’ म्हणताना पुढे येणारी. पुढे काही बघण्यासारखं थोरलीला उरलंच नाही. तिने शिळा ओढणाऱ्यांमध्ये स्वतःला शोधलं. घोड्यामागे शोधलं. मग वाकून खाली पाहिलं.

चार शिळांच्या मध्ये, काळ्या-तांबड्या मडक्यांच्या शेजारी, डोळे मिटून ती स्वतःच पडली होती.

“अहो,” ती म्हणाली, “ही मी?”

“हं.”

“मेलेली?”

“हं.”

“आणि तुमची भावजय काठावर बसून मजा बघतेय?”

“मॅडमनी निवडलं,” साचेवाला म्हणाला. त्या महिन्यातलं हे त्याचं सगळ्यांत लांब वाक्य होतं. “तू फार शांत आलीस.”

थोरली मागे सरकली. शिडीवरून दिराचा आवाज आला, “वहिनी, आभाळाला टेकू नका, ओलं आहे.”

दोन दिवस पातळ भिंतीच्या या बाजूने एक शब्द पलीकडे गेला नाही. फक्त मशीन चालत होती. थोरली काठावरच्या बाईचे कपडे शिवत होती. जाडंभरडं कापड, कडेला कातडी, मॅडमनी सांगितलं होतं तसंच. त्यात एकच गोष्ट तिने आपल्या मनाने घातली. मागून डोक्यावर येणारी खोळ. खोल, रुंद, पुढे घसरणारी. पुतळ्याला ती चढवली आणि ओढून घेतली, तसं नाक गेलं, हनुवटी गेली, धाकटीचा मागमूस उरला नाही.

“दुःखातली बाई आहे,” थोरली निर्विकारपणे म्हणाली. “तोंड काय दाखवत बसेल?”

मॅडम मागे गेल्या, पुढे आल्या, डोकं कलतं करून पाहिलं. “कल्पना करा, वहिनी, हे मला का नाही सुचलं?”

धाकटी म्हणाली, “मला काय.” पण कशी कोण जाणे, जरा हलकी होऊन म्हणाली. थोरलीला ते खटकलं. भांडायला आलेल्या माणसाला समोरच्याने खुर्ची दिली की कसं होतं, तसं झालं.

आणि मग भलतंच घडलं. दिवे लावायला वायरमन आला. तो कामाला लागण्याआधी गुडघ्यांवर बसला आणि मान वाकडी करून खोळीखाली बघू लागला. काच पुसायला आलेल्या बाईने फडकं बाजूला ठेवलं आणि तीही बसली. सुतार आला, तो तर जमिनीवर गालच टेकून पडला. जो येईल त्याला खोळीखाली कोण आहे ते बघायचं होतं. उघड्या तोंडाकडे कुणी इतकं वाकून पाहिलं नसतं. शिळाघरात उताणी पडलेल्या थोरलीला सगळे वळसा घालून जात होते, पाय लागू नये म्हणून.

“चांगली दिसतेय का हो?” थोरलीने काच पुसणाऱ्या बाईला विचारलं. विचारताना दात इतके आवळले होते की शब्द फटीतून आले.

“चांगली असं नाही,” ती बाई गुडघे झटकत म्हणाली. “पण बघावंसं वाटतं.”

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा थोरली कात्री घेऊन परत आली. खोळ उसवूनच टाकायची. धाकटी तर धाकटी, उघडी पडू दे, निदान लोकांचे गुडघे तरी झिजायचे थांबतील. ती पुतळ्यासमोर बसली. आणि कात्री लावण्याआधी, सगळ्यांनी पाहिलं तर आपणही एकदा बघावं, म्हणून तिनेही मान वाकडी केली.

“काय शोधताय, ताई?” मागे धाकटी उभी. तिच्या हातात टोपाचा कंगवा.

“काही नाही. टाका सुटलाय.”

धाकटी शेजारी येऊन बसली. “राहू द्या ना खोळ. बरी आहे.”

“तुझं तोंड झाकलं गेलंय आणि तुला बरं वाटतंय?”

“मला काय.” मग जरा थांबून ती म्हणाली, “नाक माझं. हनुवटी माझी. डोळे कुणाचे आहेत ते बघा की.”

थोरलीने पाहिलं. खोळीच्या अंधारातून दोन डोळे खाली शिळाघराकडे रोखलेले होते. किंचित बारीक केलेले, कोपऱ्यात आवळलेले. दुसऱ्याच्या ताटात काय वाढलंय ते बघणारे.

“कुणाचे?” ती म्हणाली.

“तुम्हाला कसं कळणार. आरशासमोर कोण स्वतःवर डोळे वटारतं? मी ओळखते. रोज सकाळी दार उघडलं की पहिला मार मीच खाते.”

“हे माझे?”

“सगळ्यांना तुमचेच आहेत, ताई. मिठागरावरच्या बाईला, नावाड्याला, त्या शिपायाला. मी हात हलवून निरोप घ्यायचे ना, तेव्हा काचेमागून तुम्हीच बघत असायचा. माझ्या तोंडातून. प्रत्येक गावात.” तिने कंगवा दुसऱ्या हातात घेतला. “मला काय म्हणते मी, पण एक तोंड धड माझं झालं नाही. तुम्ही खोळ शिवलीत तेव्हा वाटलं, चला, या गावात तरी सुटले.”

 थोरलीने मागे मान वळवली. “घोड्याला?”

“घोड्याला तर जास्तच.”

साचेवाला अंगणातल्या बादलीत हात धूत होता. बायको समोर येऊन उभी राहिली तसे त्याचे हात पाण्यातच राहिले.

“सगळ्यांना माझे डोळे?”

“साच्यात मिटलेलेच येतात,” तो म्हणाला. “हाताने उघडावे लागतात.”

“मग माझेच का?”

“दुसरे कुठले नीट बघितलेत?”

 थोरलीने तिचं नेहमीचं हत्यार काढलं. “मी काही म्हणत नाही, पण मग जरा मायेने बघणारे करायचे होते.”

साचेवाल्याने विचार केला. खरंच केला. “तसे कधी दाखवलेस?”

त्या रात्री जेवणं लवकर उरकली. दोघी जावा दालनात गेल्या आणि खोळीवरून त्यांची जी जुंपली ती दिव्यांची परीक्षा घेणाऱ्या वायरमनने जन्मभर सांगावी अशी. थोरली खोळ वर ओढायची, धाकटी खाली. थोरलीचं म्हणणं, डोळे दिसलेच पाहिजेत. धाकटीचं म्हणणं, मग नाकसुद्धा दिसतं आणि नाकावरून लोक मला ओळखतात, मग डोळ्यांचा दोष माझ्यावर येतो. शेवटी धाकटीनेच टोपाचे केस पुढे घेतले, थोरलीने खोळ भुवयांवर टाचली, आणि दोघींना सारखंच वाईट वाटेल अशा ठिकाणी ती राहिली.

“खोळ मागे कशी गेली?” सकाळी मॅडमनी विचारलं.

“कापड आटलं,” थोरली म्हणाली. “नवं कापड आटतंच.”

उद्घाटनाला गर्दी झाली. आता कुणी वाकत नव्हतं. लोक चालत यायचे, काठावरच्या बाईपाशी अडायचे, आणि तिच्या नजरेच्या टोकाला काय आहे ते बघायला आपोआप खाली, शिळाघरात बघायचे. तिथे थोरली इतकी शांत पडली होती की बोलणारी माणसं आवाज कमी करायची. एक म्हातारी बाई बराच वेळ उभी राहिली आणि शेजारच्या सुनेला म्हणाली, “ही त्या मेलेलीकडे अशी काय बघतेय गं? रडायचं सोडून?”

मॅडमनी ते ऐकलं. “कल्पना करा...” त्यांनी सुरुवात केली, आणि पुढे काही त्यांना येईना.

“जळतेय,” गर्दीतून थोरली म्हणाली.

सगळे वळले.

“जळेल नाहीतर काय करेल? तिला घर मिळालं. पक्कं, दगडाचं, सगळ्या वस्तीने ओढून आणलेलं. ती आता इथेच राहणार. आणि हिला उद्या झोपडी मोडायचीय, भांडी बांधायचीत, गुरं हाकायचीत. पुन्हा इथे येईल तेव्हा येईल.”

म्हातारीने मान डोलावली, जणू हे तिला शेजारच्याच घरातलं सांगितलं होतं.  धाकटी थोरलीच्या कानाशी आली.

“ताई, झोपलेल्या तुम्ही, बघणाऱ्या तुम्ही. आता स्वतःवरच जळायला लागलात?”

“तुला काय,” थोरली म्हणाली.

दुपारी ट्रक भरला. पोती चढली, पेट्या चढल्या, मशीन दोरीने बांधली, पडदे वर टाकले. धाकटी या खेपेला निरोप घ्यायला गेली नाही. ट्रकच्या सावलीत बसून राहिली. थोरली मात्र “आले” म्हणून आत गेली.

दालन रिकामं होतं. तिने काचेसमोर उभं राहून हात वर केला आणि तिला प्रश्न पडला, हलवायचा कुणाला? झोपलेलीचे डोळे मिटलेले. म्हणून तिने काठावरच्या बाईला हलवला. चांगला हलवला, धाकटी हलवायची तसा. पण ती बाई खाली बघत होती. शिळाघरातल्या त्या निवांत तोंडावरून तिची नजर ढळेना. काचेसमोर उभ्या असलेल्या थोरलीकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

ट्रक गावाबाहेर पडला तरी थोरली मागेच बघत होती. साचेवाला तिच्याकडे दोनदा चोरून बघून घेत होता.

“मी काही म्हणत नाही,” शेवटी ती म्हणाली, “पण तिने एकदा तरी वर बघायला हवं होतं.”

“हं,” साचेवाला म्हणाला.